मुरूमपाऱ्याचा तलाव

विनोदिनी मॅडम अल्बमचं पान उलटणार, तेवढ्यात भीमाबाईंनी पानावर हात ठेवला.

"थांबा. हा आमचा तलाव."

संग्रहालयात त्या सकाळी बरीच म्हातारी मंडळी जमली होती. जुन्या मध्य प्रांतातल्या मुलखाची छायाचित्रं तिथं जपून ठेवली होती. डोंगर, नद्या, माळरानं. पण कोणतं चित्र कुठलं, याची नोंद नव्हती. निदान काहींना तरी नाव मिळावं म्हणून मॅडमनी रायपूरच्या पाऱ्यापाऱ्यांतून, म्हणजे वस्त्यावस्त्यांतून, वडीलधाऱ्यांना बोलावलं होतं. भीमाबाईंना त्यांची नात दीक्षा घेऊन आली होती. ती तिथंच छायाचित्रं स्कॅन करण्याच्या कामावर होती.

चित्रात लांबवर पसरलेलं पाणी होतं. दगडी पाळ, काठावर मोहाची झाडं, मागे एक बुटकी टेकडी.

"आमचा म्हणजे कुठला, आजी?" मॅडमनी विचारलं.

भीमाबाईंनी नातीकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. "मुरूमपाऱ्याचा. या पाण्यात मी पोहायले शिकली, मॅडम."

आजीला पोहता येतं हे दीक्षाला त्या दिवशी कळलं.

मुरूमपारा ही उरला इथल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटेवरची वस्ती. रेल्वेत आणि कारखान्यात नोकऱ्या करायला विदर्भातून आलेली घरं. मधोमध एक खोलगट मोकळी जागा होती. तिथं पोट्टे क्रिकेट खेळत, बाया वाळवणं घालत. ती जागा आता ट्रकांच्या पार्किंगला जाणार होती. पाऱ्यात धूळ आधीच इतकी की दोरीवरचे कपडे संध्याकाळी झटकूनच आत न्यावे लागत. लोकांनी अर्ज केले, महापालिकेच्या साहेबांची भेट घेतली. मोकळी पडलेली जागा, तुमचं काय बिघडतं, असं साहेबांनी विचारलं होतं.

बुजलेल्या तलावाची जागा असेल तर कायद्यानं तिथं पार्किंग होऊ शकत नाही, हे दीक्षाला ठाऊक होतं. घरी जेवताना तिनं ते एकदा बोलूनही दाखवलं होतं. आता तिच्या समोर चित्रच होतं. त्याची मोठी प्रत घेऊन ती संध्याकाळीच पाऱ्यात आली.

पहिली शंका भैय्यालाल काकांनी काढली. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. इथं टेकडी कुठं आहे, असं त्यांनी विचारलं.

"रेल्वेनं खाल्ली," भीमाबाई म्हणाल्या. "सारी गिट्टी रुळाखाली गेली."

भीमाबाईंचे यजमान जन्मभर गँगमन होते. गिट्टीच्या बाबतीत त्यांच्या घराशी वाद घालणं काकांना बरं दिसलं नाही. ते विचार करत घरी गेले आणि सकाळी सांगत आले की त्यांच्या वडिलांच्या म्हशी याच तलावात बसायच्या. मग कोणाला तिथली कमळं आठवली. कोणाला काठावरचा मोह आठवला. पंचनाम्यासाठी साहेब आले, तेव्हा तर तलावाच्या इतक्या आठवणी निघाल्या की साहेबांना जेवायला घरी जाता आलं नाही. पाऱ्यातच भाजीभात खाऊन ते गेले.

मॅडमनी चित्राखाली नाव लावलं. स्थानिक रहिवाशांच्या सांगण्यावरून, असं सोबत लिहिलं. पार्किंग रद्द झालं आणि तलाव पुन्हा खोदायचा हुकूम निघाला.

खोदायला मशीन आलं, पण लोकांना दम निघाला नाही. कारखान्यातली पाळी संपवून येणारे कामगार घरी जायच्या आधी घमेली घेऊन उतरत. कॉलेजातल्या पोट्ट्या माती वाहू लागल्या. भीमाबाई काठावर खुर्ची टाकून बसत आणि इकडे उतार ठेवा, तिकडे पायऱ्या करा, असं सांगत राहत. एका दुपारी मुरुमाखालून ओल वर आली. मग खड्ड्यात पाणी साचू लागलं, आणि भैय्यालाल काका पॅन्ट दुमडून सगळ्यांच्या आधी त्यात उतरले.

पाणी हळूहळू चढत गेलं. काठाच्या घरांतले बोअर यंदा उन्हाळ्यातही चालले. टँकर आला आणि कोणी बादली घेऊन धावलं नाही म्हणून तसाच परत गेला.

लोकार्पणाच्या दिवशी पाऱ्यात सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे होते. बुद्धवंदना झाली. गोल बाजारातून बनवून आणलेल्या फ्रेममध्ये ते जुनं चित्र काठावर उभं केलं होतं. मॅडम बोलल्या, साहेब बोलले. लोकांनी भीमाबाईंना हार घातला, तेव्हा त्यांनी तो काढून पाण्यात सोडला आणि डोळे पुसले.

दीक्षानं आजीसाठी एक गंमत करून ठेवली होती. भंडाऱ्याकडे राहणाऱ्या, आजीच्या धाकट्या भावाला, श्यामरावांना तिनं परस्पर बोलावून घेतलं होतं. बहीणभावांची कित्येक वर्षांत भेट नव्हती. म्हातारा काठी टेकत मांडवात आला.

भीमाबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. "तुले कोणं बोलावलं?" त्यांनी विचारलं, आणि मग त्याला पोटाशी धरलं. दीक्षा हसली.

ती पेढे आणायला गेली. श्यामराव फ्रेमपाशी गेले. चष्मा पुसून त्यांनी पुष्कळ वेळ ते चित्र पाहिलं.

"बाई, हा तं आपल्या माहेरचा तलाव," ते म्हणाले. "हा काहून लावला? इथल्या तलावाचा जुना फोटो नाही भेटला का?"

भीमाबाईंनी परत आलेल्या नातीच्या हातातल्या ताटातून एक पेढा उचलला आणि भावाच्या तोंडात घातला.

"इथं तलाव असता," त्या हळूच म्हणाल्या, "तं फोटो भेटला असता न."