कांचनचं दुखणं

"किल्ली दे इकडे," चंद्रशेखरकाका म्हणाले. "आज गाडी हलणार नाही."

कांचनने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली. शनिवारची सकाळ, साडेआठ झालेले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर वॉल्शकडे दहाला पोचायचं होतं. काका अपार्टमेंटच्या दारातच उभे होते. काका म्हणजे हार्टचे डॉक्टर, अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि मंडळातल्या प्रत्येक घराचे न नेमलेले वडील. त्यांच्यामागे वसुधाकाकू उपम्याचा डबा सांभाळत होत्या. सोफ्यावर कांचनचा नवरा पुरुषोत्तम बसला होता. तो रेसिडेन्सी संपवत आलेला डॉक्टर, सध्या रजेवर. बायकोसाठी रजा काढली, असं मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पेपर वाचलास ना?" काका म्हणाले. "सोमवारपासून त्या वॉल्शबाईंच्या औषधावर बॅन येतोय. गव्हर्नमेंटला काय वेड लागलंय?"

"म्हणूनच आज जायचंय, काका. सोमवारी मिळणार नाही."

"अगं, बीपी शूट होतं. हार्टवर लोड येतो. डोक्यात काय होईल ते तर देणाऱ्यालाही माहीत नाही. आणि जुन्या गोळ्या?"

"दोन आठवडे बंद आहेत. त्याशिवाय हे देत नाहीत."

काकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे सध्या काहीच नाही! परत नदीवर जायचंय का?"

नदीचं नाव निघालं तशी काकूंनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. गेल्या नोव्हेंबरात पोलिसांनी नवराबायकोला ह्युरॉन नदीवरून ब्लँकेटात गुंडाळून घरी आणलं होतं, दोघंही नखशिखान्त भिजलेली. मंडळात बातमी पसरायला एक दुपार पुरली. बायकोने पुलावरून उडी मारली आणि नवऱ्याने जिवावर उदार होऊन तिला बाहेर काढलं. तेव्हापासून पुरुषोत्तम देवमाणूस झाला आणि कांचन 'ती बिचारी'.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फळं चिरताना मंडळातल्या शोभाने तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली होती. "घे बाई," कांचन म्हणाली होती, "आमच्या घरीही सुऱ्या कुलपातच असतात." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं होतं. कांचनला तेव्हा हसू आलं होतं आणि संतापही. हे सगळे उंटावरचे शहाणे, आणि तरी त्यांच्यातच राहायचं होतं.

"वेंगुर्ल्याची पोर," काकू आत्ता पुटपुटल्या. "पाण्याची भीतीच नाही, तेच वाईट."

"एप्रिलमध्ये हे औषध एकदा झालंय, काकू," कांचन म्हणाली. "त्यानंतर तीन आठवडे या घरात माणसं झोपली. सकाळी उठून चहा प्यायली, हसली. चार वर्षांत कुठल्याच गोळीने हे केलं नव्हतं."

"आणि तीन आठवड्यांनंतर?"

"पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर म्हणाल्या, एकदा पुरत नाही, दुसऱ्यांदा लागेल. गॅरंटी त्यांनीही दिली नाही."

"काही उलटसुलट झालं तर?"

"तर जबाबदारी माझी. सही माझी आहे."

"सही तुझी, पण भोगणार कोण? हा!" काकांनी पुरुषोत्तमकडे बोट दाखवलं. "याचं डॉक्टरकीच्या लायसन्सचं काम आता सुरू होईल. फॉर्मवर सरळ विचारतात, तुम्हाला कधी मेंटल इलनेस झालाय का. बायकोचं विचारत नाहीत, हे नशीब समज."

"समजते," कांचन म्हणाली.

"पुरुषोत्तम, तू नवरा आहेस ना? मग तू बोल."

पुरुषोत्तमने मान वर केली. शर्टची कॉलर त्याच्या गळ्याभोवती सैल पडली होती. "कांचन म्हणेल तसं," तो म्हणाला.

"काळजीने कसा वाळलाय बघा," काकू हळहळल्या. त्यांनी डबा उघडला. "दोन घास तरी खाऊन जा रे."

"आज उपाशीपोटी जायचंय, काकू."

पुरुषोत्तमनेही मान हलवली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बायकोसाठी उपास धरणारा नवरा पहिल्यांदाच बघतेय. आमचे हे माझ्या हरतालिकेला भजी मागतात."

काकांना हा विषय नको होता. "ते राहू दे. कांचन, मी आजच तुझ्या वडिलांना फोन लावतो. चार महिने माहेरी जाऊन राहा. या पोराला जरा मोकळा श्वास घेऊ दे."

आता मात्र कांचनचं डोकं भडकलं.

"लावा फोन! सगळ्यांना सांगा. कांचन वेडी आहे, कुणाचं ऐकत नाही, नवऱ्याला फरपटत घेऊन गेली. मंडळाच्या नोटिशीत छापा हवं तर. पण मी जाणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, काका. आज उजाडलं हेच खूप, असं म्हणत चार वर्षं काढली आम्ही. आता मला दुपारही हवीये आणि संध्याकाळही हवीये. बाजूला व्हा."

काका हलले नाहीत. कांचनही हलली नाही. शेवटी काकूंनीच नवऱ्याची बाही ओढली आणि दार मोकळं झालं.

"सांभाळ रे तिला," काका पुरुषोत्तमला म्हणाले. तो कांचनच्या मागोमाग बाहेर पडला.

गाडी नेहमीप्रमाणे कांचनने चालवली. डॉक्टर वॉल्श गावाबाहेर, आपल्या घरातच पेशंट बघायच्या. खोलीत एक कोच, घडी घातलेलं ब्लँकेट, डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि बीपीचं मशीन. टेबलावर फाईल उघडी होती आणि तिच्यावर कांचनचं नाव होतं.

"शेवटचं विचारते," डॉक्टर वॉल्श म्हणाल्या. "धोका माहीत आहे ना? अजूनही परत जाता येईल."

"परत कुठे जायचं?" कांचन म्हणाली. तिने फॉर्मवर सही केली. भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण पेन तिने खाली ठेवलं नाही. सगळ्या पानांवर सह्या झाल्या.

डॉक्टर वॉल्शनी पाण्याचा ग्लास आणि पांढरी कॅप्सूल तिच्या हातात दिली. नोव्हेंबरात नदीतून ओढून काढताना धरलं होतं तसंच खांद्याला धरून कांचनने पुरुषोत्तमला कोचावर झोपवलं, त्याच्या अंगावर ब्लँकेट ओढलं आणि कॅप्सूल त्याच्या जिभेवर ठेवली.