चौकट सोडताना

जिन्यात धूर कोंडला होता. अग्निशामक दलाची शिडी खिडकीला लागली, पण प्रवचनात मूठ आपटून ‘भिऊ नका’ बजावणाऱ्या आजोबांची बोटं चौकट सोडेनात. “मामंजी, उतरा. तुमच्याआधी मी जायची नाही,” तान्ह्याला पोटाशी बांधून उभी असलेली सून म्हणाली. “तू जा गं. मीच भ्यालोय. जन्मभराची श्रद्धा पोकळच निघाली.” सून खोकता खोकता हसली. “अहो, ग्रंथात देव ‘भिऊ नका’ म्हणतो ते कुणाला? घाबरलेल्यांनाच ना? पाय पसरून बसलेल्यांना कशाला सांगेल?” आजवर दुसऱ्यांना दरडावून सांगितलेलं वाक्य आजोबांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी ऐकलं. त्यांनी एका हातानं शिडी धरली, मग दुसऱ्यानं. पाठोपाठ सूनही उतरली. खाली पोचल्यावरही आजोबांना शिडी सोडवेना. “सोडा आता, जमीन आली.” “देवानंच धरलं गं मला!” “धरलंच की! त्यानं तुम्हाला, तुम्ही शिडीला.”