पाटाला भोकं

आर्डिस हॅगलंडने सागवानी पाटावरून ब्रशचा शेवटचा हात फिरवला, लाकडाच्या रेषांना आडवा. साग घासायचा तो आडवाच. उभा घासला की मऊ लाकूड निघून जातं आणि फळीला खाचा पडतात, हे अनाकोर्टिसच्या धक्क्यावर कुणीही सांगेल. पाट बोटीवरून उतरवून दोन लाकडी घोड्यांवर ठेवला होता. बोटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या वीतभर वर बसतो तो. त्यावरून पोहायला उतरायचं आणि त्यावरच परत चढायचं. सगळा काळपटपणा निघून लाकूड आता गुळाच्या रंगाचं झालं होतं.

तिचा मुलगा कर्ट आला तो बोटींच्या दलालाला घेऊनच. दलालाच्या हातात वॉर्निशचा डबा होता.

"कामाला तोड नाही, हॅगलंडबाई," दलाल म्हणाला. "आता यावर वॉर्निश मारून टाका. शनिवारी गिऱ्हाईक येतंय. गिऱ्हाईकाला चकाकी लागते."

"त्या चकाकीवर ओल्या पायांनी उभा राहून दाखव. चारी मुंड्या चीत होशील."

"तुला कुठे उभं राहायचंय आता त्यावर, आई?" कर्ट म्हणाला. "बोट विकायचं ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलंय."

शेजारच्या बोटीवरचा वेंडेल उलट्या बादलीवर बसून कॉफी पीत होता. त्याने गुपचूप कपात तोंड घातलं.

कर्टचंही अगदीच चुकत होतं असं नाही. गेल्या सप्टेंबरात बेटाच्या आडोशाला नांगर टाकून ही बाई नेहमीसारखी पोहायला उतरली आणि परत चढताना कंबर धरली. शिडी पाटाच्या काठाशी संपते. त्यापुढे हाताला धरायला काही नाही. त्या बर्फगार पाण्यात ती काठाला लोंबकळत राहिली. वेंडेलची बोट जवळ होती म्हणून निभावलं. तेव्हापासून कर्टची झोप उडाली आणि त्याने बोट विकायचं मनावर घेतलं. आईसाठी पोराचा जीव तुटतो, त्यात वाईट काय? फक्त आईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आर्डिसने हात पुसले. घोड्याखालच्या पिशवीतून तिने स्टीलची एक जाड कमान काढली, पाटाच्या काठाशी, शिडी जिथे संपते तिथे उभी धरून पाहिली आणि पेन्सिलने खुणा केल्या.

"हे काय आता?" कर्टने विचारलं.

"धरायला."

कर्टचा चेहरा पडला. "आई, बाबांच्या हातचा पाट आहे हा. एक स्क्रू दिसत नाही वरून. प्रत्येक स्क्रूवर सागाचं बूच ठोकलंय त्यांनी, रेषेला रेष जुळवून. जन्मात कुणाला याला भोक पाडू दिलं नसतं."

"बाबांची कंबर धड होती."

"हॉस्पिटलच्या न्हाणीघरात असतं तसलं दिसेल ते," दलाल म्हणाला. "गिऱ्हाईकाची पहिली नजर त्यावरच जाणार."

"जाऊ दे की. सांग त्याला, इथे एक म्हातारी पोहते."

वेंडेलला हसू आवरेना. "आणि तिला ओढून काढताना माझी पाठ गेली, त्या पाठीचं कुणीच काही बोलत नाही."

"तुझ्या पाठीसाठीच तर चाललंय हे सगळं, वेंडेल."

तिने ड्रिल उचललं आणि खुणेवर टेकवलं. हात जरासा थबकला; खोटं कशाला बोला, नवऱ्याने जिवापाड जपलेलं लाकूड होतं. मग तिने ओठ आवळले आणि ड्रिल दाबलं. भुसा उडाला, सागाचा तो तेलकट वास सगळीकडे पसरला. कर्टने तोंड फिरवलं. दलालाने वॉर्निशचा डबा उचलला, नंतर फोन करतो म्हणाला आणि निघून गेला. त्याला थांब असं कुणी म्हणालं नाही.

सगळी भोकं पाडून झाली. कमान बसवून आर्डिसने वरून भोकांत बोल्ट घातले आणि पाना घेऊन ती पाटाखाली सरपटत शिरली. कंबरेने कुरकुर केली, तिने दाद दिली नाही. पण नट आवळायला लागावं तर बोल्टही त्याच्याबरोबर गोल गोल फिरे. हे काम एकट्याचं नाहीच. एकाने वरून स्क्रू ड्रायव्हरने बोल्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने खालून आवळायचं.

वेंडेल कप ठेवून उठायला लागला.

"तू बस," ती खालून म्हणाली.

ती पाना फिरवत राहिली. बोल्ट नुसताच फिरत राहिला. खालून तिला कर्टचे फक्त बूट दिसत होते. ते गाडीच्या दिशेने वळले, चार पावलं गेले आणि थांबले. ती पाना फिरवतच होती. बूट परत आले, घोड्याला लागून उभे राहिले. वर स्क्रू ड्रायव्हर उचलल्याचा आवाज झाला आणि बोल्ट फिरायचा थांबला.

"मला हे पटलेलं नाहीये, आई."

"नसेना का. तू घट्ट धर. माझा सगळा भार यायचाय त्यावर."