पाठमोरा

भुताच्या प्रेमात पडलेल्या बाईची ती कादंबरीमाला चाळीस भागांची होती. गणित शिकवणाऱ्या बाईने असलं काही मागायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"कुठून सुरू करू?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"पहिल्यापासूनच," दुकानदार म्हणाला. "भलताच भाग उचलू नका."

प्रत्येक मुखपृष्ठावर खिडकीपाशी तोच पुरुष उभा होता. पहिल्या भागावर तो पाठमोरा होता, पुढच्या प्रत्येक भागावर थोडा थोडा वळत गेला होता.

तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दुकानात शिरली. मी हाताला लागेल तो भाग पिशवीत कोंबला, पैसे ठेवले आणि मान खाली घालून निघाले.

घराच्या जिन्यात पुस्तक काढून पाहिलं. शेवटचा भाग होता. मुखपृष्ठावर नुसतीच खिडकी होती.

सासूबाईंनी दार उघडलं, तशी मी पिशवी चटकन पाठीमागे लपवली.

"अगं, पाहुण्यांना आत तरी बोलाव."

"कोणी नाहीये, आई." माझी नजर वर होईना.

"मग तुझी पिशवी कोणी धरलीये?"

पाठीमागे माझे दोन्ही हात रिकामे होते.