सीटखालचं बटण

आजारपणानंतर बाबा आज पहिल्यांदाच मैदानावर कामाला आले होते आणि गवत कापायची गाडी सुरूच होत नव्हती. मॅनेजर लांबून बघत होते. आज जमलं नाही, तर बाबांना घरी बसवणार होते. मी बॅटरी तपासली, पेट्रोल पाहिलं, प्लग पुसला. शेवटी स्वतः सीटवर बसून किल्ली फिरवली, तर गाडी सुरू. बाबा बसले की पुन्हा ढिम्म. मग उलगडलं. सीटखाली बटण असतं. ते चालकाच्या वजनाने दबलं, तरच इंजिन सुरू होतं. हे त्यांना सांगायला जीभ रेटेना. सीट थोपटत बाबा हसले. "डॉक्टरांपाठोपाठ आता हीसुद्धा माझं वजन करायला लागली. दे ती हत्यारांची पिशवी." पिशवी पाठीला अडकवून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. "आईला सांगू नकोस," म्हणाले, आणि दोरी लावल्यासारखा सरळ पट्टा कापत निघाले.