काचेतला कप

तातेराव पाटलांनी विहाराच्या पायरीशी चपला काढल्या, पण हातातली पिशवी काही खाली ठेवली नाही. संग्रहालय सांभाळणाऱ्या मालनबाई हातातलं काम टाकून उठल्या.

बुद्धांच्या अस्थिधातूपुढे तातेराव क्षणभर हात जोडून उभे राहिले आणि थेट शेजारच्या संग्रहालयात शिरले. कुठलं कपाट, हे त्यांनी विचारलं नाही. मालनबाई किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून मागोमाग गेल्या.

काचेत कान तुटलेला एक कप होता. खाली चिठ्ठी : 'जळबा पाटलांच्या गोठ्यात सालगडी भिवाजी यांच्यासाठी वेगळा ठेवलेला कप.'

भिवाजी म्हणजे मालनबाईंचे सासरे. जळबा म्हणजे तातेरावांचे वडील.

सोमवारी शाळेची सहल आली, तेव्हा तातेरावांच्या नातीनं, आरोहीनं, ही चिठ्ठी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचली होती. नाव ओळखून पोरगी गोरीमोरी झाली. "संपलं आता हे सगळं, बाळा," असं मालनबाईंनी घाईनं सांगितलं खरं. पण गावात बातमीला एसटी लागत नाही.

"काच उघडा," तातेराव म्हणाले.

"काहून?"

"उघडा तर."

"नाव खुपत असंल तर भंतेजींशी बोला. कपाला हात लावू देणार न्हाई मी."

"नावाचं काही न्हाई. माझी नात म्हणती, बाई खोटं बोलल्या."

मालनबाईंचा संताप अनावर झाला. "खोटं? पाटील, माझ्या सासऱ्यानं जल्मभर तुमच्या गोठ्यात बसून यातच च्या घेतला! अन् तरी आमी कुणाला नावं ठेवून न्हाई राहिलो. जुनी गोष्ट म्हणून सोडून दिली."

"तेच," तातेराव हळूच म्हणाले. "तेच खोटं हाय म्हणती."

त्यांनी पिशवीत हात घातला. मालनबाई झटकन कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. ओरडलं तर बाहेर कुणाला ऐकू जाईल का, याचा त्या अंदाज घेऊ लागल्या.

तातेरावांनी स्टीलचा एक ग्लास बाहेर काढला. नवाच होता. काठाला हळदीची पिवळी बोटं उठली होती.

"आरोहीनं गोठ्यातून आणून माझ्यापुढं ठिवला," ते मान खाली घालून म्हणाले. "हे बी आत ठिवा. परवा तुमचं पोरगं, आयुष, आमच्याकडं हळद शिजवायला आलं व्हतं. त्याला आमी ह्यातच च्या दिला."