दुधासारखं टेबल

"हे पांढरं आहे?" ताईंनी टेबलावर बोट टेकवून विचारलं.

"दुधासारखं," पॉलिशमिस्त्री म्हणाला. पस्तीस वर्षं लोक त्याला पांढऱ्या कामासाठीच बोलावत आले होते. पांढऱ्यावर शंका घेतली की त्याला ती खानदानावर घेतल्यासारखी वाटे.

"काका, सहा महिन्यांपूर्वी तुम्ही रंग दिलात, वरून ते पारदर्शक वार्निश मारलंत. आता बघवत नाही. जुन्या दातासारखं दिसतंय."

मिस्त्रीने दोष बल्बला दिला. बल्ब बदलला. मग पडद्याला दिला. पडदे काढले. मग समोरच्या इमारतीची भिंत पिवळी आहे, तिचा रंग आत येतो, असं निघालं. इमारत बदलणं शक्य नव्हतं, म्हणून ताईंनी आणि त्याने टेबल तीन जिने उतरवून फुटपाथवर आणलं. मागून ताईंच्या सासूबाई स्टूल घेऊन एकेक पायरी उतरल्या. घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी घडत होतं.

कुरियरवाला म्हणाला, "पिवळं." दूध आणायला निघालेले एक गृहस्थ थांबले, चष्मा पुसून त्यांनी टेबलाला पूर्ण फेरी मारली. "विकायचं असेल तर पिवळं म्हणूनच विका," ते म्हणाले आणि निघून गेले.

मिस्त्री वाकला. नाक टेबलाला लागेपर्यंत वाकला. पांढरं होतं. डोळे चोळून तो पुन्हा वाकला.

ताईंनी घरून पांढरी बशी आणून टेबलावर ठेवली. "आता बघा."

त्याने बघितलं. बशीची कड त्याला सापडली, पण बोटाने.

"हो. फरक आहे," तो म्हणाला. "घासून काढतो. नवा हात मारून देतो."

ताई सुटकेचा श्वास टाकून वर गेल्या. सासूबाई स्टुलावरच बसून राहिल्या.

"मिस्त्री, मी पण सुनेशी भांडत होते. पांढरंच आहे म्हणून. मग मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि आधी तिची माफी मागावी लागली." त्या जरा पुढे सरकल्या. "तुमचा कुठला डोळा?"

मिस्त्री पिशवीत पॉलिशपेपर शोधत राहिला. तो त्याच्या हातातच होता.

"दोन्ही," तो शेवटी म्हणाला. "ताईंना सांगू नका, आजी. कामं बंद होतील."

"मी तिला काही सांगत नाही. तीच मला सांगते."

त्याने पॉलिशपेपर भिजवला. "पांढरं लागलं की थांबवा मला."

तो घासत राहिला. आजी मान पुढे काढून बघत होत्या. "अजून नाही," त्या म्हणायच्या. "अजून नाही. त्या कोपऱ्यात जरा. हां, बास." तासाभरात टेबल त्यांच्या मते पांढरं झालं. मिस्त्रीला ते सकाळपासून होतं तसंच दिसत होतं.

त्याने फडक्याने पुसलं, वाळू दिलं, मग पिशवीतला डबा काढून झाकण उचकटलं. ब्रश बुडवता बुडवता त्याचा हात थांबला.

"आजी, हे पाण्यासारखं आहे ना?"

आजींनी डब्यात डोकावलं. घाई केली नाही.

"मधासारखं आहे."

त्याने डबा नाकाशी नेला. तेलाचं वार्निश. ते पांढऱ्यावर मारायचं नाही, पिवळं पडतं, हे त्याने आजवर कितीतरी नवशिक्यांना ओरडून सांगितलं होतं. त्याने झाकण परत बसवलं आणि तळहाताने चारी बाजूंनी ठोकलं.

"अर्धाच आहे की डबा," आजी म्हणाल्या. "बाकीचा कुठं गेला?"

"काल दवाखान्यात. सतरा दरवाजे केले."

"पांढरे?"

मिस्त्रीने टेबलावरची बशी उचलून त्यांच्या हातात दिली.

"काल होते," तो म्हणाला.